अळूच्या वाफ्याखालची टाकी

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या घराच्या तळघरात मागच्या भिंतीतून तांब्याच्या दोन नळ्या बाहेर आलेल्या होत्या. करंगळीपेक्षा बारीक, फरशीपासून वीतभर उंचीवर, टोकं पकडीने चेपून बंद केलेली. सतरा वर्षं मी त्यांच्यापुढे तांदळाच्या पिशव्या आणि लोणच्याच्या बरण्या रचत आले. जुनं घर आहे, असेल काहीतरी, यापलीकडे कधी डोकं चालवलं नाही. मार्च २०२१ मध्ये घर विकायला काढलं, खरेदीदाराचा माणूस तपासणीला आला, त्याने बॅटरीचा झोत त्या नळ्यांवर टाकला आणि मला विचारलं, "टाकी कुठे आहे?"

"कसली टाकी?" मी म्हटलं. आमचं घर तर गॅसवर गरम होतं.

तो काही न बोलता गाडीतून मेटल डिटेक्टर घेऊन आला आणि मागच्या अंगणात गवत कापल्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टे काढत चालायला लागला. माझ्या अळूच्या वाफ्यापाशी यंत्र कोकललं. वाफा तेव्हा रिकामा होता, कंद गॅरेजमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते. त्याने चारी बाजूंनी फिरून खात्री केली, रडारची गाडी फिरवली आणि वाफ्याच्या मधोमध केशरी झेंडी रोवली. चार फूट व्यासाची, सहा फूट लांब, म्हणजे ५५० गॅलनची असावी, असं म्हणाला. आपल्या हिशेबाने दोन हजार लिटरची. वर माती जेमतेम अडीच फूट.

या टाक्यांची कथा थोडक्यात सांगते, कारण भारतातल्या वाचकाला हा प्रकारच माहीत नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे जी घरं बांधली गेली त्यांतली कितीतरी तेल जाळून गरम करत. डिझेलच्या जवळचंच तेल. अंगणात पोलादी टाकी पुरायची, तिचं तोंड आणि हवेची नळी तेवढी वर ठेवायची. टँकर आला की माणूस पाइप लावून तेल सोडायचा. आत तेल चढताना हवा दुसऱ्या नळीतून शिटी वाजवत बाहेर पडायची आणि शिटी थांबली की टाकी भरली. नंतर रस्त्यात गॅसची लाइन आली. लोकांनी बॉयलर बदलले, वरच्या नळ्या कापल्या, भोकं बुजवली आणि टाकीला जागेवरच विसरून गेले. तळाशी उरलेल्या तेलासकट. पोलाद मातीत, आत तळाला साठलेलं दमट पाणी. गंज चढायला आणखी काय लागतं?

आमचं घर १९५६ चं. आम्ही ते २००४ मध्ये घेतलं तेव्हा एजंटने सुचवलं होतं, की टाकी शोधणाऱ्याला एकदा बोलवा, दोनशे डॉलर घेतो. घर घेतानाच्या त्या आठवड्यात दर तासाला कोणीतरी दोनशे-तीनशे डॉलर मागत असतं. नवरा म्हणाला, बॉयलर गॅसचा आहे ना, मग तेलाचा संबंध काय? मलाही पटलं. हिशेब बघण्याचं काम करते मी, रोज दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढते.

वकिलाने फोनवर कायदा समजावला तेव्हा नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "पण तेल आमचं नाही ना?" आम्ही त्या टाकीतलं थेंबभरही तेल जाळलं नव्हतं. वकील म्हणाला, तेल कोणाचंही असो, जमीन आज तुमची आहे. न्यू जर्सीचा हा कायदा १९७६ चा आहे. प्रदूषित जागा साफ करण्याचा केंद्राचा सुपरफंड कायदा त्यानंतर चार वर्षांनी आला. चूक कोणाची, हे इथे आधी विचारत नाहीत. आधी साफ करा, मग ज्याच्याकडून वसूल करता येईल त्याच्याकडून करा. आमच्या आधीचा मालक वारला होता आणि त्याची मुलं कुठे होती कोणाला ठाऊक. सुपरफंडच्या यादीत सगळ्यात जास्त जागा असलेलं राज्य हेच. १९८३ मध्ये पहिली यादी निघाली तेव्हा एक नंबरवर इथल्याच पिटमन गावाजवळची कचराभूमी होती, आणि आमच्या शेजारच्या साउथ प्लेनफील्डमध्ये जुन्या कारखान्याच्या आवारातली पीसीबी या विषारी रसायनाने माखलेली माती काढायला सरकारला वर्षानुवर्षं लागली. अशा राज्याने अळूच्या वाफ्याखालच्या टाकीलाही सोडू नये, यात नवल नाही. तेव्हा मात्र मला फक्त राग आला होता.

टाकी काढायला नगरपालिकेचा परवाना लागतो. त्याआधी ८११ ला फोन करायचा, म्हणजे जमिनीखाली ज्यांचं ज्यांचं काही आहे ते येऊन रंग मारून जातात. तीन दिवसांत आमचं अंगण रंगपंचमीला बसलं: पिवळा गॅस, निळं पाणी, लाल वीज, केशरी टेलिफोन, हिरवं सांडपाणी. तेलाची खूण कुठेच नाही. जे विसरलं गेलं त्याला रंग नसतो.

एप्रिलमध्ये एका सकाळी कंत्राटदाराची माणसं आली. छोट्या एक्स्कॅव्हेटरने वरची माती बाजूला केली, तासाभरात टाकीची पाठ दिसली. काळी, फोड आलेली. वरून पत्रा कापला, आतलं तेल आणि पाणी टँकरने शोषून घेतलं, मग पांढरा कागदी सूट घातलेला एक मुलगा आत उतरला आणि खरवडून, पुसून गाळ बादलीने वर देऊ लागला. विहिरीतला गाळ असाच वर येतो, फक्त तिथे कोणी नाकाला मास्क लावत नाही. टाकी साखळीने उचलली तेव्हा नगरपालिकेचा इन्स्पेक्टर हजर होता. ती हवेत गोल फिरली आणि तिच्या पोटाखालून पलीकडचं आभाळ दिसलं. सात भोकं मी मोजली. सगळ्यात मोठ्यातून माझा अंगठा गेला असता.

खड्ड्यातून वास येत होता. रॉकेलच्या दुकानाचा वास, रेशनच्या रांगेतला. तीस वर्षांत आला नव्हता, एकदम कुडाळच्या बाजारात नेऊन सोडलं त्याने.

इन्स्पेक्टरने मान हलवली. कंत्राटदाराने माझ्यासमोर राज्याच्या पर्यावरण खात्याच्या हॉटलाइनला फोन लावला. गळती सापडली की कळवावंच लागतं, त्यात 'बघू, उद्या करू' नाही. पलीकडून एक लांबलचक नंबर मिळाला. त्या नंबरात वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटं आणि सेकंदसुद्धा असतात. पुढचे पंधरा महिने प्रत्येक कागदावर तो लिहिताना मला वाटायचं, आपल्या पत्रिकेतही जन्मवेळ इतकी काटेकोर नाही.

खरेदीदार एक तरुण तेलुगू जोडपं होतं. सहा आठवडे थांबले, फार नम्रपणे बोलले आणि गेले. त्यांच्या जागी मी असते तर दोन आठवड्यांत गेले असते.

आता खड्ड्यातली माती किती खराब आहे आणि खराबी कुठवर गेली आहे, हे शोधणं आलं. खड्ड्याच्या तळातले पहिले नमुने प्रयोगशाळेत गेले होते. तेलाचं प्रमाण किलोमागे १४,००० मिलिग्रॅमच्या वर आलं. राहत्या घरासाठी मर्यादा पाच हजारांच्या आसपास. मे महिन्यात भूवैज्ञानिक बाई जिओप्रोब घेऊन आल्या. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं, फ्रिजएवढ्या उंचीचं यंत्र. ते पोलादी नळी ठोकून जमिनीत घालतं आणि पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत भरलेली माती वर आणतं. बाई ती नळी टेबलावर आडवी ठेवायच्या, वाकड्या पात्याच्या सुरीने लांबट चिरायच्या, आणि जमीन उलगडून समोर.

हे बघायला मी रोज रजा टाकली असती. एडिसनची माती तांबडी आहे. खाली वीस कोटी वर्षांच्या आसपासचा तांबडा शेल आहे, तोच झिजून वर आलेला. पहिल्यांदा हे घर बघायला आलो तेव्हा मला ते मुख्यतः मातीमुळेच आवडलं होतं, घरात काय आहे नाही ते नवऱ्याने बघितलं. तर नळीत वरची सहा फूट माती तशीच, जांभ्याच्या चिऱ्यासारखी लाल. सातव्या फुटापासून ती राखाडी होत गेली. मधेच हिरवट झाक. साडेदहा फुटांवर पुन्हा लाल. कोणी मधलाच तुकडा काढून सिमेंट भरावं तसं.

मी विचारलं, हा तेलाचा रंग का? बाई म्हणाल्या, नाही, हा जेवणावळीचा रंग. मातीतले जिवाणू तेल खातात. खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो. मातीतला मोकळा ऑक्सिजन संपला की ते लोखंडाच्या गंजातला वापरायला लागतात, आणि मातीचा तांबडेपणा म्हणजे तो गंजच. तो गेला की लाल रंग उतरतो, लोखंड पाण्यात विरघळून जातं. म्हणजे राखाडी दिसलं की समजायचं, इथे कोणीतरी बरीच वर्षं जेवतंय आणि अजून अन्न संपलेलं नाही.

राखाडी पट्टा सात फुटांवरच का, तर पाण्यामुळे. भूजलाची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, पावसात आणि बर्फ वितळल्यावर वर येते. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत त्याच्याबरोबर खालीवर होतं आणि प्रत्येक फेरीत मातीच्या कणांना चिकटून राहतं. आमटीच्या पातेल्याला आतून तवंगाचा पट्टा राहतो, तसा साडेतीन फुटांचा पट्टा. माझ्या अळूचं काय, हेही विचारलंच. वरच्या दोन फुटांचा नमुना स्वच्छ आला. भोकं टाकीच्या पोटाला होती, तेल खालीच गेलं. सतरा वर्षांच्या अळूवड्या आणि फदफदं, सगळं ठीक होतं म्हणे. तरी गॅरेजमधले कंद मी त्या दिवशी कचऱ्यात टाकले.

मग पाणी. आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

विमा कंपनीचं पहिलं पत्र आलं, की स्वतःच्या मालमत्तेचं प्रदूषण पॉलिसीत बसत नाही. वकील म्हणाला, घाई करू नका, पाण्याचा रिपोर्ट येऊ दे. इथला कायदा असा आहे, की अंगणातली माती तुमची, तिचं नुकसान तुमचं तुम्ही बघा. पण जमिनीखालचं पाणी तुमचं नाही, ते जनतेचं. त्याला बाधा झाली म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं आणि दुसऱ्याच्या नुकसानाला विमा लागू होतो. सरळ भाषेत, तेल मातीत थांबलं असेल तर सगळा खर्च आमच्या खिशातून. पाण्याला लागलं असेल तर काही पैसे परत.

रिपोर्ट यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी काय मागत होते, ते लिहायला लाज वाटते. आमच्या कुडाळच्या घरी वैशाखात विहीर उपसायची असते. चार माणसं, एक मोटार, दोरी आणि घमेली. संध्याकाळपर्यंत गाळ निघतो, बाबा स्वतः वाकून तळ बघतात, ग्रामपंचायतीतून आणलेली टीसीएल पावडर टाकतात आणि नवं पाणी पाझरून येईपर्यंत कोणाला चप्पल घालून काठावर चढू देत नाहीत. त्या घरातली मुलगी मी. आणि एडिसनला स्वयंपाकघरात उभी राहून देवाकडे मागत होते की पाणी घाण निघू दे.

घाण निघालं. २-मिथाइल नॅप्थलीन नावाचा पदार्थ, लिटरला ८४ मायक्रोग्रॅम. राज्याची मर्यादा तेव्हा ३०. बेंझीनही होतं, थोडं, पण बेंझीनला इथे एका मायक्रोग्रॅमचीच मुभा. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात दहापर्यंत चालवून घेते. नवऱ्याने आकडे वाचले आणि म्हणाला, "आलं एकदाचं!" आम्ही चहा केला. चहा संपेपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं, आपण कशाबद्दल खूश झालो ते, आणि मग टीव्ही लावला.

पुढची अडचण शेजाऱ्यांची. आमचं कुंपण खड्ड्यापासून बारा फुटांवर. तेल पलीकडे गेलं नाही हे दाखवायचं तर त्यांच्या अंगणात एक भोक घ्यायला हवं, आणि त्याला त्यांची लेखी संमती. शेजारी ऐंशीच्या घरातले इटालियन वंशाचे गृहस्थ, एकटे राहणारे. दिवाळीला फराळ घेणारे, ख्रिसमसला कुकीज देणारे. मी बेसनाचे लाडू आणि दोन पानांचं पत्र घेऊन गेले. त्यांनी लाडू घेतला, पत्र चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मला आठवतो तो टँकर. हिवाळ्यात सकाळी शिटी ऐकू यायची. आमच्याकडे आणि तुमच्याकडे एकाच दिवशी यायचा."

आमच्याकडे आणि तुमच्याकडे. म्हणजे त्यांच्याही अंगणात काहीतरी असणार, आणि हे त्यांनाही त्याच क्षणी उमगलं. बराच वेळ ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग विचारलं, "तुमच्या भोकात माझं तेल सापडलं तर?" या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच देववेना. त्यांच्या मुलाने पत्र स्वतःच्या वकिलाला दाखवलं, तीन आठवडे गेले, आणि अखेर सही आली. भोक स्वच्छ निघालं. नळीभर सलग लाल माती. मी फोटो काढून त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी तो सोनोग्राफी बघावी तसा बघितला.

जुलैमध्ये प्रत्यक्ष खोदकाम झालं. त्यात सांगण्यासारखं कमी आणि आवाज फार. मागचा डेक काढावा लागला, घराचा पाया खचू नये म्हणून आधार द्यावे लागले, अकरा फूट खोल खणलं. तळाला पाणी लागलं, त्यावर इंद्रधनुषी तवंग. ते टँकरने शोषलं. ११८ टन माती सहा ट्रकांतून गेली, प्रत्येक ट्रकबरोबर कागद, त्यावर आमचा तो जन्मवेळेचा नंबर. खड्ड्यात खाणीतून आणलेली, प्रमाणपत्र असलेली 'स्वच्छ माती' भरली. पिवळट, भुसभुशीत, अंगणात कोणाचीच नातेवाईक नसलेली.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती माती मगे खंय नेऊन टाकतत?"

मी सांगितलं, बाबा, टाकत नाहीत, मोठ्या फिरत्या भट्टीत तापवतात, तेलाची वाफ होते, ती जाळतात आणि भाजलेली माती भरावाला वापरतात. हे मी भूवैज्ञानिक बाईंकडून पाठ करून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "आणि भट्टी कशावर चलता?" हे मी विचारलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये तीन निरीक्षण-विहिरी बसवल्या. विहीर म्हणजे दोन इंची प्लास्टिकचा पाइप, खालच्या भागाला बारीक चिरा, वर गवताच्या पातळीला लोखंडी झाकण. बाबांना फोटो पाठवला तर त्यांचा विश्वास बसेना. दर तीन महिन्यांनी नमुने घ्यायचे आणि लागोपाठ दोनदा मर्यादेच्या आत आले की सुटका, असं ठरलं. माती काढलेली आहे, आता उतरेलच, असं सगळेच म्हणाले. पहिल्या नमुन्यात ४१ आलं. आधीच्या ८४ वरून. मी फळ्यावर आलेख काढायला घेतला.

१ सप्टेंबरच्या रात्री आयडा आलं. चक्रीवादळ लुइझियानात धडकून, दमून, उरलेला पाऊस घेऊन आमच्याकडे पोचलं होतं आणि तो उरलेला पाऊसच असा होता, की रॅरिटन नदीकाठचं मॅनव्हिल गाव पाण्याखाली गेलं. राज्यात तीस माणसं दगावली, कितीतरी गाड्यांत अडकून. आमच्या तळघरात फक्त घोटाभर पाणी आलं, आम्ही नशीबवान. रात्रभर बादल्या उपसताना टाकीचा विचारही आला नाही. ऑक्टोबरमध्ये नमुना घेतला, ११२ आलं.

बाई म्हणाल्या, अपेक्षित आहे. पाण्याची पातळी एका रात्रीत चढली, जिथपर्यंत आमचं खोदकाम पोचलं नव्हतं, विशेषतः घराच्या पायाकडची बाजू, तिथल्या मातीला चिकटलेलं तेल धुऊन खाली आलं. पायाखाली खणता येत नाही. मग करायचं काय? तर त्या जिवाणूंनाच मदत करायची. त्यांना बाहेरून आणून सोडावं लागत नाही. विरजण मातीत असतंच, कमी पडते ती हवा. कॅल्शियम पेरॉक्साइडची पांढरी पूड पाण्यात कालवून जिओप्रोबने नऊ ठिकाणी जमिनीत दाबून भरायची. ती महिनोन्‌महिने हळूहळू ऑक्सिजन सोडत राहते. त्यालाही परवानगी, तीही राज्याची. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ते झालं. कालवलेली पूड पातळ चुन्यासारखी दिसत होती, आणि एका भोकातून थोडी उलटून वर आली तेव्हा अंगणात कोणीतरी पान खाऊन चुना पुसल्यासारखा डाग पडला.

जानेवारीचा नमुना घेताना मी खिडकीतून न बघता बाहेर जाऊन उभी राहिले. उणे सहा तापमान. नमुने घ्यायला आलेला मुलगा एका छोट्या पंपाने अगदी सावकाश पाणी ओढत होता, कपभर पाण्याला काही मिनिटं. जोरात ओढलं तर गाळ ढवळतो आणि आकडे खोटे येतात. यंत्रावर पाण्याचं तापमान, आम्लता, ऑक्सिजन यांचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबायचं, मगच बाटली भरायची. बेंझीनच्या बाटल्या बोटभर उंचीच्या. त्या काठोकाठ, कडेवर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत भरायच्या, झाकण लावून उपड्या करायच्या आणि टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर बाटली फुकट, कारण बेंझीन त्या हवेत निघून जातं. त्याने चार बाटल्या उपड्या केल्या, चार टिचक्या मारल्या. हातमोजा काढून मारल्या, बोटं लालभडक झालेली. मी त्याला आल्याचा चहा आणून दिला. तो म्हणाला, आत्ता नको, कपाला हात लावला तर पुन्हा हातमोजे बदलायला लागतील.

जानेवारीत २२. एप्रिलमध्ये १७, बेंझीन मोजता येण्याच्या खाली. लागोपाठ दोन.

जुलै २०२२ मध्ये पत्र आलं. त्याला सगळे एनएफए म्हणतात. 'नो फर्दर अ‍ॅक्शन', पुढे काही करणे नाही. माती स्वच्छ आहे, पाणी स्वच्छ आहे, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं. सतरा मायक्रोग्रॅम आहेतच, पण सतरासाठी आता कोणी मला विचारणार नाही, एवढंच. हिशेबनीस म्हणून हे मला समजतं. वही बंद करतो तेव्हा आपण असं म्हणत नसतो की यात एकही चूक उरली नाही. तरी त्या कागदाला मी हळदीकुंकू लावलं, नवरा हसला तर हसू दे. विहिरींचे पाइप परवानाधारक माणसाने येऊन सिमेंटच्या रबडीने बुजवले. विहीर बुजवताना आपल्याकडे निदान नारळ फोडतात.

सगळं मिळून ६२,००० डॉलर गेले. विमा कंपनीने पाण्याच्या नावाखाली २१,००० दिले. सगळे देईनात, कारण तेल आम्ही यायच्या आधीपासून गळत असणार आणि ज्या वर्षी त्यांची पॉलिसी नव्हती त्या वर्षांचा वाटा त्यांनी कापला. दरम्यान गृहकर्जाचे दर तीन टक्क्यांवरून साडेपाचवर गेले होते, घर बघायला येणाऱ्यांची रांग आटली होती. जे विकलं ते आधीच्यापेक्षा कमीला नाही, पण सोळा महिन्यांपूर्वी वाटलं होतं तितकंही नाही. शेजारच्या आजोबांनी अजून डिटेक्टरवाल्याला बोलावलेलं नाही. मी विचारत नाही.

घर घेतलं ते एका गुजराती कुटुंबाने. सह्या व्हायच्या आदल्या दिवशी ते शेवटचं बघायला आले, बरोबर आजी होत्या. मी त्यांच्या सुनेला फाइल दिली, पत्र सगळ्यात वर लावलेलं, खाली दोनशे पानं. आजी तोवर मागच्या अंगणात पोचल्या होत्या. पिवळट मातीवर नवं गवत नुकतं धरलं होतं, आजूबाजूपेक्षा जरा जास्तच हिरवं. त्यांनी चप्पल काढून पायाने माती दाबून बघितली आणि मला हिंदीत विचारलं, "यहाँ सब्जी लग जाएगी?"

पत्राप्रमाणे उत्तर 'हो' होतं. वरची दोन फूट माती तर आधीही स्वच्छच होती, आता तर सगळीच प्रमाणपत्राची. हे सगळं मला पाठ होतं.

"उस कोने में लगाइए," मी कुंपणाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवलं. "वहाँ धूप ज्यादा आती है."